सिग्नल आठ महिने वापरल्यावर : आमच्या सोलापूरच्या घरातला अनुभव

नोव्हेंबर २०२४ मध्ये फोनवर सिग्नल हे मेसेजचं ॲप टाकलं, हे लिहितेय तेव्हा जुलै २०२५ चालू आहे. एवढ्या दिवसांत आमची आठ माणसं तिथं आली आणि टिकली: मी, माझा नवरा, आई, अप्पा, पुण्यातला दादा, वहिनी, अक्का आणि अक्काची मुलगी. बस, एवढीच. ही आठ जण कशी आली आणि बाकीची का आली नाहीत, हे मला सुरुवातीलाच कुणी नीट सांगितलं असतं तर बरीच दमछाक वाचली असती. म्हणून सविस्तर लिहितेय.

तशी ही माझी दुसरी खेप. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं नव्या अटी मान्य करा अशी सूचना सगळ्यांच्या फोनवर पाठवली, तेव्हा जो तो सिग्नलकडे धावला होता. गर्दी इतकी झाली की १५ जानेवारीला सिग्नलच बंद पडलं. आमच्याकडेही अकरा जणांनी ते टाकलं, दोन दिवस एकमेकांना नमस्कार घातला आणि पंधरवड्यात सगळे जुन्या जागी परत. कारण तिथं कुणाचं काही कामच नव्हतं.

या वेळी कारण घरात घडलं. ऑक्टोबरात अक्काच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला. दाजी घाबरले आणि त्यांनी त्या कागदाचा फोटो बासष्ट जणांच्या परिवाराच्या ग्रुपवर टाकला. चौथ्या दिवशी अक्का भाजी घेत उभी असताना एका बाईनं, जिचं नावही तिला धड माहीत नव्हतं, विचारलं, "कितवी स्टेज आहे हो?" त्या दिवशी अक्का घरी येऊन जेवली नाही.

तो कागद कुठल्या ॲपनं फोडला नाही, माणसांनी फिरवला. सिग्नलवरही मेसेज फॉरवर्ड होतो. सिग्नल घेतलं की असलं काही घडणारच नाही असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण त्या प्रसंगानं मला प्रश्न पडायला लागले. आपलं कुठलं बोलणं कुठं साठतं, कोण बघू शकतं, हे मी कधी तपासलंच नव्हतं. त्यातच १८ नोव्हेंबरला बातमी आली, २०२१ च्या त्याच अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगानं व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. मग मी रात्री बसून वाचायला लागले.

वाचताना पहिला धक्का असा की व्हॉट्सॲपवरचा मजकूरही कुलूपबंदच असतो, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मध्ये कुणाला वाचता येत नाही. २०१६ पासून त्यांनी सगळीकडे वापरलेली कुलपाची पद्धत मूळची सिग्नलवाल्यांचीच आहे. मग फरक कुठं? फरक मजकुराबाहेरच्या माहितीत आहे: कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोलतं, कुठल्या ग्रुपात आहे. शिवाय व्हॉट्सॲपचा गुगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन कुलूपबंद केला नाही तर तसाच उघडा राहतो. तो पर्याय २०२१ मध्ये आला. आमच्या घरात तो एकाच्याही फोनवर चालू नव्हता. तुम्ही ॲप बदला न बदला, हे आजच बघून घ्या.

टेलिग्राम मी लगेच बाजूला ठेवलं. पुष्कळ लोक त्याला सुरक्षित समजतात, पण तिथलं नेहमीचं बोलणं आणि सगळे ग्रुप या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. त्यासाठी 'सीक्रेट चॅट' वेगळी उघडावी लागते, तीही दोघांपुरतीच. थ्रीमा हे स्वित्झर्लंडचं ॲप मला आवडलं होतं, फोन नंबरही लागत नाही, पण विकत घ्यावं लागतं. आई-अप्पांना मेसेजच्या ॲपसाठी पैसे भरायला सांगणं माझ्या जिवावर आलं.

सिग्नलवर मन बसलं ते दोन गोष्टींमुळे. ते नफ्यासाठी चालत नाही. २०१८ मध्ये त्याची संस्था उभी राहिली, व्हॉट्सॲपच्याच एका संस्थापकानं, ब्रायन ॲक्टननं, तिला पाच कोटी डॉलर दिले. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर चालतो. दुसरी गोष्ट २०१६ ची. अमेरिकेत सरकारी यंत्रणेनं त्यांच्याकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली, त्यातल्या एकाचंच खातं होतं, आणि ते कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढ्या दोनच तारखा ते देऊ शकले. त्यांच्याकडे तेवढंच होतं. साठवलंच नाही तर द्यायचं काय! मला हे सगळ्यांत पटलं.

आता पटवण्याचं. मी सुरुवातीला केलं ते सपशेल चुकीचं होतं. परिवाराच्या ग्रुपवर मोठा मेसेज लिहिला, त्यात दंडाची रक्कम, कुलूप, माहितीचा बाजार, सगळं होतं. तीन अंगठे आले आणि पाठोपाठ कुणीतरी टाकलेला शुभ सकाळचा गुलाब. दाजी म्हणाले, "आपल्याकडं लपवण्यासारखं काय हाय?" मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर अप्पांकडे होतं. अप्पा पोस्टमन होते, बरीच वर्षं पूर्व भागात टपाल वाटायचे. अशोक चौकाच्या बाजूचे यंत्रमागाचे खडखडणारे बोळ, तेलुगूत लिहिलेली पोस्टकार्डं, भिवंडीला कामाला गेलेल्यांच्या मनीऑर्डरी. मजकुराबाहेरची माहिती म्हणजे काय हे मी त्यांना समजावत होते, तर त्यांनी मलाच थांबवलं. "मी कुणाचं पाकीट कधी उघडलं नाही. पण कोर्टाचं पाकीट कुणाकडं येतंय, कुणाच्या पोराची मनीऑर्डर बंद पडलीय, कुणाच्या पोरीला एकाच गावाहून दर आठवड्याला पत्र येतंय, सगळं मला ठावं असायचं. घरच्यांच्या आधी ठावं असायचं." थोडं थांबून म्हणाले, "आणि ते मी तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही."

मी एवढी पानं वाचली, पण ती गोष्ट खऱ्या अर्थानं कळली ती तेव्हा. अप्पांनी त्याच संध्याकाळी फोन माझ्या हातात दिला. सिग्नल मराठीतही चालतं, त्यामुळे पुढचं त्यांना फारसं जड गेलं नाही. पिन मात्र ते अधूनमधून विचारत राहतं आणि आई दर वेळी फोन घेऊन माझ्याकडे येते.

अक्काची केमो डिसेंबरात सुरू झाली. तिनंच एके दिवशी विचारलं, "ते तू म्हणलालतीस ते ॲप, त्यात आपण चौघंच राहू शकतो का?" मी, अक्का, आई आणि दादा असा चौघांचा ग्रुप केला. रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या वेळा, कोण कधी दवाखान्यात थांबणार, हे बोलणं फक्त तिथं. बाकीच्या गप्पा, लग्नपत्रिका, आरत्या व्हॉट्सॲपवर जशा होत्या तशाच. इथं मला गमक सापडलं. माणसाला या ॲपवरून त्या ॲपवर नेता येत नाही, एखादं बोलणं नेता येतं. अक्काची खबर ज्याला हवी होती तो आपोआप तिथं आला. वहिनी आली, माझा नवरा आला, अप्पांनाही ग्रुपात घेतलं. मला कुणाला विनवावं लागलं नाही.

भाचीचं कारण अगदी वेगळं होतं. गड्ड्याच्या जत्रेला सगळे जमलो होतो, होम मैदानावर फिरताना ती सारखी फोन बघून कावरीबावरी होत होती. खोदून विचारल्यावर कळलं, कॉलेजातला एक मुलगा तिला रोज विचारायचा, "रात्री साडेअकराला ऑनलाइन होतीस, कुणाशी बोलत होतीस?" आधी तिच्या व्हॉट्सॲपमधलं 'लास्ट सीन' आणि 'ऑनलाइन' बंद करून दिलं, त्या मुलाला ब्लॉक केलं आणि अक्काच्या कानावर घातलं. मग तिला सिग्नल दाखवलं. तिथं 'ऑनलाइन' आणि 'लास्ट सीन' हे प्रकारच नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून युजरनेमही ठेवता येतं, म्हणजे नव्या ओळखीच्या माणसाला फोन नंबर द्यावा लागत नाही. खातं उघडायला नंबर लागतोच, ही उणीव आहे. पण तिला हवं होतं ते मिळालं, आणि आता तिच्या चार मैत्रिणीही तिथं आहेत. त्या माझ्या आठांत धरलेल्या नाहीत, त्या तिच्या.

त्रास झालाच नाही असं नाही. एका रात्री नऊला अक्कानं लिहिलं की प्लेटलेट कमी आल्यात, सकाळी लवकर निघायचंय. मला तो मेसेज पहाटे पाचला, ॲप उघडल्यावर दिसला. माझा फोन बॅटरी वाचवायला ॲप मागच्या मागे झोपवत होता. सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर सिग्नलवरचं बंधन काढलं, तेव्हापासून असं झालेलं नाही. कुणालाही सिग्नल टाकून द्याल तर हे त्याच बैठकीत करा, एक महत्त्वाचा निरोप चुकला की माणूस कायमचा परत जातो.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. ग्रुपमधले मेसेज एका आठवड्यात आपोआप पुसले जावेत असं मी लावलं होतं. तिसऱ्या केमोच्या वेळी डॉक्टरांनी आधीच्या रिपोर्टमधले आकडे विचारले आणि आम्ही तिघं दवाखान्याच्या बाकावर फोन उघडून बसलो. काहीच शिल्लक नव्हतं. दादानं एक रिपोर्ट फोनमध्ये जपून ठेवला होता म्हणून निभावलं. आता मुदत चार आठवडे केलीय आणि प्रत्येक कागदाची प्रत अक्काच्या फायलीत जाते.

तिसरा घाव अप्पांचा. त्यांचा फोन पाण्यात पडला आणि बॅकअप चालू नव्हता. सिग्नल स्वतःहून कुठंच काही साठवत नाही, त्यामुळे नव्या फोनवर पाटी कोरी. नातीनं पाठवलेले आवाजातले निरोप त्यात होते. अप्पा काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं. अँड्रॉइडवर बॅकअप चालू करता येतो, मी केला तेव्हा ३० आकडी किल्ली मिळाली. ती हरवली तर बॅकअप उघडत नाही, कंपनीही उघडून देऊ शकत नाही. मी हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

मार्चमध्ये दाजींनी मोठ्या उत्साहानं बातमी पाठवली, अमेरिकेच्या मंत्र्यांचं सिग्नलवरचं बोलणं फुटलं! ती बातमी खरी होती. येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा चाललेल्या ग्रुपात चुकून 'द अटलांटिक'च्या संपादकांना घेतलं गेलं होतं. कुलूप तुटलं नव्हतं, दारातून चुकीच्या माणसाला आत घेतलं होतं. बासष्ट जणांच्या ग्रुपात आमचं काय झालं होतं, ते त्या दिवशी दाजींनाही आठवलं असावं, कारण पुढे त्यांनी वाद घातला नाही. सिग्नल मात्र त्यांनी अजून घेतलेलं नाही. अक्का त्यांना सगळं तोंडी सांगते.

भिशीच्या बायकांना आणायचा प्रयत्न मी दोन महिने केला. चौदापैकी पाच जणी आल्या, मग तारीख एकीकडे ठरली आणि निरोप दुसरीकडे गेला, दोघींचा हप्ता चुकला. मी सगळ्यांची माफी मागून भिशी परत व्हॉट्सॲपवर नेली. त्यात लपवण्यासारखं खरंच काही नव्हतं आणि ते हलवायची गरजही नव्हती. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी जिथं हिशेब बघते तिथं गणवेशांच्या ऑर्डरी बंगळूर-हैदराबादहून व्हॉट्सॲपवर येतात, तो विषय मी काढलाही नाही.

व्हिडिओ कॉल चांगला चालतो, पुण्याशी रोज होतो. फोटो पाठवायच्या आधी चेहरे धूसर करायची सोय आहे, वहिनी शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो पाठवताना इतर मुलांचे चेहरे तशीच झाकते.

अक्काचे उपचार संपले, आता तीन महिन्यांनी तपासणी आहे. चौघांनी सुरू केलेला ग्रुप अजून आहे, पण सध्या त्यात औषधांपेक्षा शेंगाचटणीचे फोटो जास्त येतात. पुढच्या आठवड्यात आईचा फोन बदलायचा आहे. या वेळी तीस आकडे आधीच कागदावर उतरवलेत आणि तो कागद अप्पांनी त्यांच्या नोकरीतल्या जुन्या डायरीत ठेवलाय, ज्या डायरीला आम्ही कुणी हात लावत नाही.