जवारी झकास, बाकी देवाची कृपा (३ स्टार)

बुधवार पेठेतल्या एका दुकानात आईचा मिरजेचा तंबोरा जवारीला (म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर झंकारता करायला) टाकला होता, दोन दिवस म्हणाले आणि तीन आठवडे लावले, त्यात १ ते ४ दुकान बंद. घरी आणून गवसणी काढली तर भोपळा आमचा पण तारा मर्दानी तंबोऱ्याच्या जाड! आई गाते काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी, म्हणजे उंच सूर), खुंट्या पिळत गेली वर वर आणि यमनच्या पहिल्याच आलापाला जोडीची (मधल्या दोनांतली) तार फाट्कन तुटली, मांजर जे पळालं ते जेवायलाच आलं. काका म्हणतात, "मग काळी एकमध्ये गा की!" पण तारा फुकट बदलून दिल्या, आणि खरं सांगू का, जवारी अशी काढलीये की षड्जाच्या (सा) तारेतनं गंधार (ग) आपोआप स्वच्छ ऐकू येतो.