मोरपंखी रुपयाचे साडेनऊ हजार

पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया काही दुर्मीळ नाही. कोट्यवधी पाडले होते. नाशिकच्या सराफ बाजारात चांदीच्या भावावर थोडे पैसे टाकले की मिळतो. तोच मी साडेनऊ हजारांना घेतला, कारण त्याच्यावर मोरपिसासारखे रंग होते. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. माझ्याकडे पावती नाही.

गंमत म्हणजे त्याने सांगितलेलं जवळजवळ सगळं खरं होतं. कॉलेज रोडला चहा पिता पिता त्याने मला टोनिंग, म्हणजे जुन्या चांदीच्या नाण्यावर आपोआप चढणारा रंग, समजावलं. अमेरिकेचे चांदीचे मॉर्गन डॉलर सरकारी तिजोऱ्यांत हजार-हजारच्या कापडी पिशव्यांत वर्षानुवर्षं पडून होते. पिशवीला टेकलेल्या नाण्यांवर गंधकामुळे सल्फाइडचा अगदी पातळ थर चढला. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर रंग उमटतात, तसेच त्या थरावर दिसतात. डॉलर साधाच असला तरी अशा रंगासाठी लोक कितीतरी पट पैसे मोजतात, कारण दोन नाणी सारखी रंगत नाहीत. शिवाय रंगाखाली टाकसाळीची मूळ चमक शाबूत असेल, तर नाणं कुणी घासलेलं नाही एवढं कळतं.

वर फोडणी दिली, "सर, १९१८ मध्ये पिटमन कायदा करून अमेरिकेने सत्तावीस कोटी डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी आपल्याकडे रुपये पाडायला आली. म्हणजे हा त्या डॉलरचाच भाऊ!" मी तिथंच फोनवर शोधलं. तेही खरं निघालं! मी पाघळलो. डॉलरच्या पिशवीचा माझ्या रुपयाच्या रंगाशी संबंध काय, हे विचारायचंच राहिलं.

महिन्याभराने पंचवटीतल्या एका जुन्या संग्राहक काकांना रुपया दाखवला. त्यांनी भिंग लावलं आणि माझ्याच हातात दिलं. "रंगाच्या खाली बघ." खाली बारीक समांतर ओरखडे. म्हणजे आधी नाणं कुणीतरी पितांबरी लावून घासलं होतं आणि मग रंगवलं होतं. थर जाड होत जातो तसे रंग क्रमाने येतात, आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. माझ्या रुपयावर सोनेरीला चिकटून एकदम निळा, मधला रंग गायब. खऱ्या टोनिंगमध्ये उठावाच्या अक्षरांलगत रंग बहुधा बदलतो. इथं राजाच्या दाढीवर आणि मोकळ्या जागेवर एकच पट्टा सरळ फिरवल्यासारखा.

मी म्हटलं, "धुऊन टाकू का?" काका खेकसले, "आता आणखी वाट लावू नकोस." मग त्यांनी एक झिजलेला रुपया घेतला, उकडलेलं अंडं कुस्करून डब्यात ठेवलं, शेजारी रुपया ठेवला आणि झाकण लावलं. अंड्यातून गंधकाचा वायू सुटतो. संध्याकाळपर्यंत रुपया सोनेरी-जांभळा झाला होता. शहाण्या माणसाने हे आधी शिकून घ्यायचं. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची एवढी मोठी संस्था आहे, आणि मी शिकत होतो विकणाऱ्याकडून.

त्याला फोन केला. "सर, रंग नैसर्गिक आहे असं मी कुठं लिहून दिलंय?" खरंच नव्हतं दिलं. तोंडीसुद्धा तो फक्त डॉलरबद्दलच बोलला होता. रुपयाबद्दल एवढंच म्हणाला होता, "बघा ना, कसा दिसतोय."

रंगासाठी जादा पैसे मोजणार असाल तर 'रंग कृत्रिम निघाल्यास पैसे परत' एवढं पावतीवर लिहून घ्या. हे ऐकून समोरचा चहाचे पैसे देऊन उठला, तर उठू द्या.

काकांनी तो अंड्यातला रुपया मला देऊन टाकला. दोन्ही एकाच डबीत आहेत. साडेनऊ हजारांचा या पावसाळ्यापासून कडेने काळा पडत चाललाय.