टिळक रोडचा ग्रुप डिस्कशनचा क्लास, लेकीसाठी लावला, समाधानी आहे

मुलीला एमबीएच्या ग्रुप डिस्कशनसाठी टिळक रोडला क्लास लावलाय, परवा पालकांनाही मागे बसू दिलं, विषय होता ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपियन युनियनमधून बाहेर पडणं. मला वाटलं पोरं दोन मिनिटांत गप्प होतील पण कसलं काय, नुसती जुंपली! एकजण म्हणे २०१६ ला ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडा सांगितलं, विषय संपला, तर माझी लेक म्हणाली स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के राहायचं म्हणत होते, त्यांचं काय? मॅडमनी कुणालाच थांबवलं नाही, बोर्डावर हिरव्या मार्करने आयर्लंड काढलं, मधे सीमेची रेघ मारली (वरचा नॉर्दर्न आयर्लंड ब्रिटनचा, खालचा आयर्लंड देश युरोपियन युनियनमध्ये) आणि विचारलं, आता माल तपासायचा कुठे? सगळे एकदम शांत. मग त्यांनीच सांगितलं की जमिनीवरची सीमा उघडी ठेवायची म्हणून ब्रिटनमधून नॉर्दर्न आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी बंदरावर आली. इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पोरांना भांडू देतात पण आकड्यानिशी, हे फार आवडलं. बॅच मात्र पंचवीसची आहे, लाजरी मुलं मागे राहतात, पंधराची करा प्लीज. पार्किंग अजिबात नाही, गाडी लांब लावून चालत या.