लँचेस्टरची गिअरपेटी : १४ महिने, ३,२०० किलोमीटर

गाडी निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या घरातली, १९४९ ची लँचेस्टर टेन. इंजिन १,२८७ सीसीचं, दारं चार, स्टिअरिंगखाली बोटाएवढी दांडी. मी घेतली तेव्हा बरीच वर्षं वखारीत उभी होती. इंजिनाचं इथं लिहीत नाही, ते कुठलाही चांगला मिस्त्री करून देईल. माझ्याआधी तिघांनी गाडी बघून सोडली ती गिअरबॉक्सच्या धास्तीनं, म्हणून लिहायचं ते त्याच्याबद्दलच.

या गाडीत डाव्या पायाखाली पेडल आहे, पण तो क्लच नव्हे. पुढचा गिअर कुठला हवा ते दांडी सरकवून आधी सांगून ठेवायचं. गाडी तोवर जुन्याच गिअरात धावत असते. वेळ आली की पेडल तळाला टेकवून सोडायचं, की सांगितलेला गिअर पडतो. पेटीच्या आत दातचक्रं कायम एकमेकांत गुंतलेली असतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. पहिला, दुसरा, तिसरा आणि रिव्हर्स यांना एकेक ड्रम आणि त्याभोवती ब्रेकसारखा पट्टा. टॉपला, म्हणजे चौथ्याला, पट्टा नाही, तिथं शंकूच्या आकाराचा कोन क्लच सगळं एकत्र जखडतो. पट्टा आवळायचं काम पायाचं नाही, आतल्या जबर स्प्रिंगचं. पाय फक्त ती स्प्रिंग दाबतो. ही करामत वॉल्टर विल्सन यांची. पहिल्या महायुद्धात ट्रिटनबरोबर ब्रिटिश रणगाडा आखला तेच हे विल्सन. पुढे लंडनच्या आरटी बसला आणि ईआरए रेसिंग गाड्यांनाही हीच जातकुळी लागली, त्यामुळे 'नाजूक पेटी' म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

माझी सुरुवात मात्र वाईट झाली. एका वर्कशॉपनं मोठ्या प्रेमानं पेटीत ९० नंबरचं ईपी, म्हणजे जबर दाबासाठी रसायनं घातलेलं, गिअर ऑइल भरून दिलं. साध्या गाडीला ते चालतं, इथं नाही. त्यातल्या रसायनांनी पट्टे घसरतात आणि आतल्या ब्राँझच्या बुशांनाही ते मानवत नाही. निपाणीजवळच्या तवंदी घाटात दुसरा गिअर सुटायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलेना आणि पट्ट्याच्या आतल्या जळक्या लायनिंगचा (घर्षणाच्या अस्तराचा) वास. मागच्या ऊसवाल्या ट्रॅक्टरनं काय काय ऐकवलं ते लिहीत नाही.

त्यानंतर आठच दिवसांनी बेळगावजवळ काकतीला पेडलनं लाथ घातली. सोडलं तर ते नेहमीच्या जागी थांबलंच नाही, उसळून थेट नडगीवर आलं. पाठ सीटला रेटून दोन्ही पायांनी दाबलं तेव्हा कुठं परत खाली गेलं. पट्टा झिजलेला आणि आपोआप आवळणारा नट अडकलेला असला की असं होतं: स्प्रिंगला अडवायला काही उरत नाही आणि ती हद्दीबाहेर धावते. नडगी पंधरा दिवस निळी होती.

पेटी खोलली ती बेळगावच्या उद्यमबागेत, ओळखीच्या मिस्त्रीमामांकडं. त्यांनी जन्मात असली पेटी पाहिली नव्हती, पण हात शहाणा. वरचं झाकण काढल्यावर बॅटरी मारून म्हणाले, "हे बघा की, नटच फिरंना झालाय." नटाभोवती एक स्प्रिंग वळवलेली असते. पट्टा ढिला पडला की प्रत्येक पेडलला ती नट थोडा थोडा पुढे सारते. आमच्याकडं ती डांबरासारख्या गाळात चिकटून बसलेली. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवली, सकाळी बोटानं फिरली. माझ्या मते निम्मा आजार तिथंच बरा झाला.

लायनिंगची गोष्ट वेगळी. मूळ जाडी किती ते कागदावर कुठं मिळालं नाही. मामांनी रिव्हर्सचा पट्टा काढला. रिव्हर्स लागतो कितीसा, म्हणजे झीज जवळजवळ नाहीच. त्याला व्हर्नियर लावलं आणि तेच माप बाकीच्यांना धरलं. लायनिंगवाला मात्र आपलंच चालवत होता : "अर्धा सूत जाड घालतो की, जास्त टिकंल." त्याच्या आग्रहाखातर तिसऱ्या गिअरला तसंच घातलं आणि फसलो. न्यूट्रलमध्येही तो पट्टा ड्रमला चाटत राहायचा, पेटी तापून हात लावू देत नव्हती आणि सिग्नलला गाडी पुढं सरकायची. पेटी पुन्हा उतरवली, म्हणजे मजुरी दोनदा.

जोडल्यावर ३० नंबरचं साधं इंजिन ऑइल घातलं. मग एकेक गिअर सांगून, नट फिरायचा थांबेपर्यंत पेडल मारत बसायचं. मामांच्या पोरानं मोजलं, दुसऱ्याला बावीस वेळा मारावं लागलं.

आता रोजचं सांगतो. खडेबाजारातल्या गर्दीत यासारखं सुख नाही. इंजिन आणि पेटीच्या मध्ये फ्लुइड फ्लायव्हील आहे, डेमलरनं १९३० साली गाड्यांत आणलेलं. तेलातूनच जोर जातो, त्यामुळे पहिल्या गिअरात ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. आयडलिंग मात्र कमी ठेवा, नाहीतर पुढच्या रिक्षाला टेकाल. घाटात वळणाआधीच दुसरा सांगून ठेवतो आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. तवंदी आता तक्रारीविना चढते.

तक्रारी आहेतच. फ्लायव्हीलचं सील थेंब थेंब गळतं. पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर चहाच्या बशीएवढा डाग पडलाय, बायको रोज दाखवते. तेल घालताना काठोकाठ भरायचं नाही, तापून फुगायला जागा लागते. हे मी एकदा विसरलो, तेव्हा डाग परातीएवढा झाला. दुसरं, चढावर गिअरात ठेवून गाडी सोडता येत नाही. इंजिन बंद असलं तर तेलाची पकड कसली? हँडब्रेक आणि चाकाखाली दगड. दगड डिकीतच असतो.

आणि चालवायला कुणाला देऊ नका. मेहुण्यांनी सवयीनं क्लचसारखं अर्धं पेडल धरून गाडी रांगवली, "काय होतंय दाजी, हळूच सोडतोय की" म्हणत. तेवढ्यानंही पट्टा घासतो हे त्यांना सांगून पटलं नाही. शेवटी मी नडगीवरची खूण दाखवली, तेव्हा त्यांनी किल्ली परत दिली.

परवा झाकण उघडून बघितलं. तेल काळवंडलंय, पण तळाला भुगा नाही आणि चारही नट बोटाला फिरतायत. दसऱ्याआधी तेल बदलीन आणि त्याच वेळी सीलही काढीन. गॅस्केटचा कागद कापून ठेवलाय.