गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), बांबोळी : मेंदूतील रक्तस्रावानंतरचे पहिले चोवीस तास

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात डिचोलीला राहणाऱ्या माझ्या मामांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. प्रथम ज्या खासगी दवाखान्यात त्यांना नेले तिथे सीटी स्कॅनची सोय नव्हती आणि तसे आम्हाला स्पष्ट सांगण्यातही आले नाही. जिभेखाली एक गोळी ठेवून 'सकाळपर्यंत पाहू' असे म्हणत दीड तास गेला. अखेर मामींनीच १०८ ला फोन लावला. हा दीड तास किती मोलाचा होता, ते बांबोळीला पोचल्यावर कळले, आणि आजही त्याची आठवण झाली की जीव कासावीस होतो.

गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न आला तो त्रास नेमका किती वाजता सुरू झाला याचा आणि दुसरा चालू गोळ्यांचा. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला खोलवर रक्ताची गाठ दिसली. ती लहान आहे म्हणून आम्हाला हायसे वाटले. पण तरुण निवासी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की गाठीचा आजचा आकार अंतिम समजू नका. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत ही गाठ पुढे वाढते, तीही बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच. म्हणून शिरेतून औषध देऊन १९० वर गेलेला वरचा रक्तदाब १४० च्या आसपास आणला गेला, रात्रभर परिचारिका मामांना हाक मारून शुद्ध तपासत राहिल्या, टॉर्चने बुबुळे पाहत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन झाला. गाठ वाढली नव्हती.

माझ्या मते या सेवेचे खरे मोल समजावून सांगण्यात आहे. रक्ताच्या अहवालात सीआरपी (शरीरात दाह असला की रक्तात वाढणारे एक प्रथिन) वाढलेला पाहून मी घाबरून विचारले, तेव्हा वरिष्ठ डॉक्टरांनी राउंड थांबवून उत्तर दिले. सांडलेल्या रक्तातील थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे द्रव्य आणि पुढे हिमोग्लोबिनमधून सुटणारे लोह यांमुळे मेंदूतील संरक्षक पेशी चवताळतात, रक्तातील पांढऱ्या पेशीही तिथे धावून येतात, आणि त्यांनी सोडलेल्या द्रव्यांमुळे आसपासच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. म्हणजे ज्या दाहातून पुढे सूज येते, तोच रक्तस्राव वाढायलाही हातभार लावत असावा, असा संशय आहे. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलेल्या रुग्णांत गाठ वाढण्याचे प्रमाण अधिक आढळल्याचे २०१४ मधील एका अभ्यासात नोंदले आहे. मात्र सीआरपी छातीतील संसर्गानेही चढतो, आणि दाह हे कारण की मोठ्या इजेची नुसती खूण, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. एवढे तारतम्य राखून बोलणारा डॉक्टर मिळणे हे आम्ही भाग्यच मानतो.

मग दाह शमवणारे स्टेरॉइड का देत नाही, हा माझा पुढचा प्रश्न होता. आमच्या एका नातलगाने फोनवरून तसा आग्रहच धरला होता. थायलंडमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची चाचणी झाली होती, १९८७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यू कमी झाले नाहीत, उलट संसर्ग आणि मधुमेहाच्या गुंतागुंती वाढल्याने ती मध्येच थांबवावी लागली, असे त्यांनी सांगितले. मामा हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असत, आणि ॲस्पिरिनने प्लेटलेट या रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींचे काम मंदावते, तरी त्यांना प्लेटलेट चढवल्या नाहीत, यामागेही २०१६ मधील युरोपातील एका चाचणीचा आधार होता. तीत प्लेटलेट दिलेल्या रुग्णांची स्थिती अधिक वाईट झाली होती. काय टाळले आणि का टाळले, हे कळल्यामुळे मामींची घालमेल बरीच कमी झाली.

सूज पुढचे कित्येक दिवस चढत राहू शकते, हेही आधीच सांगितलेले असल्यामुळे पाचव्या दिवशी मामा अधिक झोपाळू झाले तेव्हा आमचा धीर सुटला नाही. ताप आणि साखर यांवर त्या दिवसांत बारीक लक्ष होते, आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाण्याचा थेंबही दिला गेला नाही. फिजिओथेरपी वॉर्डातच सुरू झाली. मामा आता उजव्या हाताने पेज पिण्याचा चमचा धरतात, बोलणे अजून अडखळते.

अशा प्रसंगी बांबोळीला जाणाऱ्यांनी चालू गोळ्यांची पाकिटे सोबत घ्यावीत आणि रुग्ण शेवटचा कधी ठीक दिसला होता ती वेळ कागदावर लिहून ठेवावी. मामींनी ती कॅलेंडरच्या पानावर लिहिली होती आणि डॉक्टरांनी ते पान मागून घेतले.