जिओजेब्राचं फ्रीहँड टूल: फॉर्म्युला नसलेलं फंक्शन

मी अकरावी-बारावीच्या पोरांना मॅथ्स शिकवतो, घरच्याच हॉलमध्ये, एक फळा नि एक जुना प्रोजेक्टर. जिओजेब्रा हे ग्राफ नि आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर बरीच वर्षं वापरतोय पण त्यातलं हे फ्रीहँड शेपवालं टूल आत्ता दिवाळीनंतर सापडलं, त्याच्या क्लासिक आवृत्तीमध्ये बाणाच्या आयकॉनखालीच लपून बसलंय, पेनच्या शेजारी, आणि मी इतके दिवस बाण फक्त पॉइंट सरकवायला वापरत होतो.

काय करायचं, तर डावीकडून उजवीकडे हाताने हवी तशी वाकडीतिकडी रेघ ओढायची, की ती लगेच फंक्शन होते. चित्र नाही हां, खरंखुरं फंक्शन, एफ ऑफ 2 टाइप केलं की उत्तर येतं, त्यावर पॉइंट ठेवून फिरवता येतो. आणि जिथपर्यंत रेघ ओढली तेवढंच डोमेन, म्हणजे एक्सच्या तेवढ्याच किमती चालतात, त्याच्या बाहेरची किंमत विचारली तर सरळ प्रश्नचिन्ह दाखवतो. डोमेन म्हणजे काय हे माझ्या तीन लेक्चरपेक्षा त्या एका प्रश्नचिन्हाने जास्त कळलं पोरांना.

खरी मजा पुढे आहे. एफच्या कंसात एक्सऐवजी एक्स मायनस 3 टाकलं, म्हणजे f(x − 3) केलं, की ग्राफ कुठे सरकणार विचारलं तर अर्धा वर्ग डावीकडे म्हणतो, मायनस आहे ना सर! पॅराबोला दिला की पाठ केलेलं बोलतात, पण इथे फॉर्म्युलाच नाही, मीच आत्ता काढलेली रेघ, मग पाठ काय करणार? त्या 3 च्या जागी स्लायडर (आकडा कमीजास्त करायची सरकपट्टी) लावून ग्राफ हळूहळू सरकवला नि उजवीकडे गेला तेव्हा मागच्या बाकावरून "हॅ, असं कसं" आलं. मग एफ ऑफ मॉड एक्स, म्हणजे f(|x|), एक्सचं चिन्ह काढून फक्त आकडा, टाकलं, डावी बाजू गायब आणि उजव्या बाजूचा आरसा तिकडे उभा. जेईईवाल्यांना तर हे हवंच.

आता कटकटी. सरळसोट रेघ ओढली तर तो शहाणपणा करून रेषाखंड बनवतो, गोल काढला तर वर्तुळ, म्हणजे साधं लिनिअर फंक्शन इथे काढायला जाऊच नका, ते टाइप करा. माउसने हात थरथरतो, मॅक्सिमाच्या, म्हणजे ग्राफच्या शिखराच्या, जागी दाते येतात. स्वस्तातला पेन टॅबलेट घेतल्यावर जमायला लागलं. आणि सेव्ह करत जा बाबांनो, परवा लाईट गेली नि चांगला जमलेला ग्राफ गेला, परत काढला तर उंटासारखा आला.