अ‍ॅक्वेरियमचा पारदर्शक गोगलगाय-सापळा (बिनब्रँडचा): घ्यावा का?

ऑनलाइन आणि माशांच्या दुकानात 'स्नेल ट्रॅप' म्हणून मिळणारी ही अ‍ॅक्रिलिकची नळी. भाग तीनच: मधे आमिषाची जाळीदार डबी, टोकाला फक्त आत उघडणारी पातळ झडप आणि काचेला चिकटवायचा सक्शन कप. पाचापैकी तीन गुण. तेही टाकीत कुठली गोगलगाय माजली आहे हे ओळखून वापरला तरच.

ओळखायला दोन मिनिटं पुरतात. एक गोगलगाय बाहेर काढून शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड डाव्या हाताला, शंख पातळ आणि चकचकीत, शिंगं दोऱ्यासारखी बारीक, तोंडाला झाकण नाही, तर ती फायसेला अ‍ॅक्युटा. टाकीवाले तिला 'ब्लॅडर स्नेल' म्हणतात. तोंड उजवीकडे, शंख लांबट पिळदार आणि तोंडाला झाकण असेल तर ती ट्रम्पेट स्नेल, म्हणजे मेलॅनॉइडिस ट्युबर्क्युलाटा. ही आपल्याकडचीच. डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ म्युलरने १७७४ मध्ये तिचं वर्णन केलं ते भारताच्या पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून. अमेरिकेत मात्र ती उपरी ठरते.

फायसेलाचं उलटं. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ द्रापार्नोने १८०५ मध्ये फ्रान्समधल्या गारोन नदीतल्या नमुन्यांवरून तिला नाव दिलं, म्हणून ती बराच काळ युरोपची समजली गेली. अमेरिकेत तिथला निसर्गशास्त्रज्ञ टॉमस से याने १८१७ मध्ये फायसा हेटेरोस्ट्रोफा ही वेगळी जात नोंदवली. २००२ मध्ये युरोपातली अ‍ॅक्युटा आणि अमेरिकेतल्या हेटेरोस्ट्रोफा व इंटेग्रा यांच्या संकराचे प्रयोग प्रसिद्ध झाले. प्रजननात कुठलाच अडसर आढळला नाही. तिन्ही एकच जात, आणि तिचं मूळ घर उत्तर अमेरिका. आज अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत ती आहे, भारतातही. प्रजातीच्या, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दाच्या (जीनसच्या) बाबतीत अजून एकमत नाही. माहिती शोधताना फायसा, फायसेला आणि हैशिया ही तिन्ही नावं टाकून बघा, नाहीतर अर्धी माहिती हाती लागत नाही.

आता सापळ्याकडे. काकडीची एक सेंटिमीटर जाड चकती मिनिट-दोन मिनिटं उकळून थंड करा. कच्ची तरंगते आणि डबीत नीट बसत नाही. नळी पाण्याखाली आडवी धरून आतली हवा पूर्ण काढा. बुडबुडा राहिला तर सक्शन कप सुटतो आणि सकाळी सापळा पाण्यावर तरंगताना दिसतो. दिवे बंद झाल्यावर तळाशी, झाडांच्या बुंध्याजवळ लावा आणि सकाळी उजाडताच काढा. दुपारपर्यंत ठेवला तर काकडी कुजते आणि उरलेल्या गोगलगायींना आयतं खाणं मिळतं. ट्रम्पेट स्नेल दिवसा वाळूत दडून रात्री वर येते, तिच्यासाठीही हीच वेळ.

झडप हा या सापळ्याचा कच्चा दुवा. मोठी गोगलगाय ती रेटून आत जाते, पण दोन-तीन मिलिमीटरची पिल्लं फटीतून ये-जा करतात. टाकीत कोळंबी किंवा तळाशी फिरणारे छोटे मासे असतील तर तेही आत शिरून अडकतात. अशा टाकीत सापळा रात्रभर लावून झोपू नये, तासा-दोन तासांनी बघावा.

अंड्यांवर तर सापळ्याचा काहीच उपाय नाही. फायसेला पानांच्या खालच्या बाजूला पारदर्शक जेलीची छोटी लड चिकटवते, एकेका लडीत डझनावारी अंडी. टाकीच्या कोमट पाण्यात आठ-दहा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. ही उभयलिंगी, जोडीदार नसेल तर थोडी थांबून स्वफलनाने अंडी घालते. एक राहिली तरी पुरते. त्यामुळे सापळा सलग दीड-दोन महिने चालवा, सोबत काचेवरच्या लडी जुन्या एटीएम कार्डाने खरवडा आणि माशांचं खाणं कमी करा. उरलेलं खाणं तळाशी साचत राहिलं तर कुठलाही सापळा पुरा पडत नाही.

मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) टाकायचा मोह होतो, तो टाळा. तांब्याने कोळंबी आधी मरते. शेकडो गोगलगायी एकदम मेल्या की त्या सडून अमोनिया वाढतो आणि मासेही जातात.

नवीन झाडं आणली की चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवून दोन-तीन तास बुडवा आणि स्वच्छ धुवा. अंडी यातूनही वाचू शकतात, म्हणून नंतर तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवणंच खात्रीचं.

सापळ्यातला माल गटारात, ओढ्यात किंवा विहिरीत ओतू नका. फायसेला हवेत श्वास घेते, सांडपाण्याच्या नाल्यातही तगते आणि तिथून पुढे नदीला लागते. उकळतं पाणी ओतून मारा आणि कुंडीच्या मातीत पुरा. टाकीतून काढलेली झाडंही कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाका.